चिमटी आणि मॅडमचा फोन

चिमटी माझ्याकडे खोली मागायला आली तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती ही, की टेबलावरचा माझा फोन उचलून उशीखाली सरकवला. तिनं ते पाहिलं.

"आजी, तुमची पुढची खोली रिकामी आहे ना?"

"रिकामी कुठली? सामान आहे."

"कसलं?"

"सामान," मी म्हटलं.

पुढच्या खोलीत ह्यांचं विम्याचं काम चाले. हे जाऊन सहा वर्षं झाली. तिथं आता दोन खुर्च्या, एक टेबल आणि जुन्या फायलींचं कपाट एवढंच होतं. खोलीला रस्त्यावर उघडणारं दार आणि मोठी खिडकी आहे. दुकान टाकायला याहून बरी जागा आमच्या इमारतीत नाही, हे मलाही कळत होतं. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. फोन दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातात आपण काय देतो याचा मी विचार करत होते. घड्याळ दुरुस्तीला दिलं तर घड्याळजी फार तर किती वाजले ते बघतो. फोन दिला की सगळं घरच दिलं.

मुलगी सतरा वर्षांची. पहिल्या मजल्यावर राहते. आई कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करते, वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात आणि महिन्यातून चार दिवस घरी असतात. इतर मुली अंबाड्यात पिना खोचतात, ही टोकदार चिमटा खोचून हिंडते, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणतात. आईसुद्धा. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल.

हे वेड तिला वडिलांच्या फोनमुळे लागलं. दोन वर्षांपूर्वी तो फोन पाण्याच्या पिंपात पडला. तो घेऊन ती मंडईमागच्या गल्लीत गेली. तिथं जिन्याखालच्या कपाटाएवढ्या जागेत एक फोन दुरुस्त करणारा बसतो, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. डॉक्टरनं फोन उघडून पाहिला आणि मेला म्हणून सांगितलं. ही जागची हलेना. "मेलाय तर मेलाय, पण कुठं मेलाय ते दाखवा," म्हणाली. त्यानं भिंगाखाली दाखवलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ही पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. शेवटी त्यानं पायाखालची एक पेटी तिच्याकडे सरकवली. पेटीत साठ-सत्तर फोन होते, कोणीही परत न्यायला न आलेले, बिनमालकाचे. काही अगदी बंद, काही नुसते उजळण्यापुरते जिवंत.

"यांच्यावर हात बसव," तो म्हणाला. "माणसांचे फोन नंतर."

ते नंतर यायला पंधरा महिने लागले. एवढे दिवस ती तेच फोन उघडायची आणि बंद करायची. एकाचा डिस्प्ले काढून दुसऱ्याला लावायची, पुन्हा काढायची. फोनच्या आतले स्क्रू डोळ्यांना सारखेच दिसतात पण सारखे नसतात. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला की खालचा बोर्ड चिरतो आणि तो फोन पुन्हा उठत नाही. असे दोन तिनं मारले. तेव्हापासून ती आधी कागदावर फोनची आकृती काढते, तिच्यावर दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावते आणि निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या त्याच्या जागी चिकटवते.

हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाता-येता तिच्या गॅलरीच्या खिडकीतून बघायची, आणि मला दिसायची मान खाली घालून कसले तरी नकाशे काढणारी मुलगी. लोकांच्या फोनचे नकाशे हिला कशाला हवेत, असं मी एका दिवशी वहीत लिहून ठेवलं आहे. शाळेत सिस्टरांनी रोज लिहायची सवय लावली ती अजून सुटलेली नाही.

तर खोलीचं. आमच्या इमारतीत पाच घरं. तळमजल्यावर मी, पहिल्यावर चिमटीचं घर आणि समोर शिवणवाली, दुसरा अख्खा मॅडमचा, तिसऱ्यावर निवृत्त पोस्टमास्तर. मॅडम एका कचेरीत वरच्या हुद्द्यावर आहेत आणि इमारतीच्या समितीचं कामही त्याच बघतात. दुकान काढायचं तर पाचही घरांच्या सह्या लागतात असा नियम आहे. मी चिमटीला म्हटलं, "आधी बाकीच्यांच्या सह्या आण, मग माझी." अशानं आपल्याला नाही म्हणावं लागत नाही.

ती गेली मॅडमकडे. मॅडम म्हणाल्या, "सही करीन. पण आधी तुझं काम बघू दे."

आणि त्यांनी आपला फोन तिच्या हातात दिला. काच तडकली होती. सोमवारी दिला, बुधवारी परत मिळाला. ते दोन दिवस मी जरा जास्तच वेळा गच्चीवर गेले. फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर मॅडमचा उघडायचा आकडा लिहिलेला. मंगळवारी दुपारी चिमटी उजळलेल्या पडद्याकडे बघून हसताना मला दिसली. एकटीच. हातात दुसऱ्याचा फोन असताना माणूस कशाला हसेल?

पुढच्या मंगळवारी सकाळी मॅडम माझ्या दारात उभ्या राहिल्या. कचेरीत जायचे कपडे अंगावर, चेहरा लाल.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"माझं घर विकायचं."

मला ठाऊक होतं. इमारतीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मॅडम दुसरा मजला एका शिकवणीच्या क्लासला विकणार होत्या. म्हणजे सकाळ-संध्याकाळ साठ-साठ मुलं आमच्या जिन्यातून धावणार. शिवणवालीनं आदल्या दिवशी त्यांना तोंडावर विचारलं होतं. बाहीचं माप घेत असतानाच.

"मी कोणाला बोलले नाही," मॅडम म्हणाल्या. "घरात नवऱ्यालासुद्धा अजून अर्धंच सांगितलंय. सगळं एजंटशी, आणि सगळं या फोनमध्ये. आणि फोन दोन दिवस कोणाकडे होता?"

त्यांनी मला फोन दाखवला. "हे बघा. मेसेजचं चित्र माझ्याकडे कायम खाली असतं, अंगठ्याशी. ही आठ वर्षांची सवय आहे. परत आला तेव्हा ते वर कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. उघडून वाचल्याशिवाय ते वर जाईल का?"

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आपला संशय दुसऱ्याच्या तोंडून पुराव्यासकट ऐकायला मिळाला की माणूस खूश होतो.

त्यांनी चिमटीला आणि तिच्या आईला माझ्याकडेच बोलावून घेतलं. आई लाँड्रीतून तशीच आली.

"मी काही वाचलं नाही," चिमटी म्हणाली.

"मग मेसेजचं चित्र वर कसं गेलं?"

"कुठलं चित्र?"

"बघा, आता कुठलं चित्र म्हणतेय!"

"मॅडम, मी फक्त टच बघितला. काच बदलल्यावर बघावा लागतो."

"टच बघायला मेसेज उघडावे लागतात?"

"मी उघडले नाहीत."

"मग तू हसत का होतीस?" हे मी विचारलं. तिघीही माझ्याकडे वळल्या. "मंगळवारी दुपारी. दोन-सव्वादोनला."

चिमटीनं जरा आठवून पाहिलं. "डिस्प्ले पहिल्या फटक्यात लागला म्हणून."

आईनं तिचा दंड धरला. "खरं सांग. वाचलं असशील तर वाचलं म्हण. पाय धर मॅडमचे आणि संपव. दोन वर्षं त्या गल्लीत घालवलीस, आता एकदा नाव गेलं तर तुझ्याकडे कुत्रंसुद्धा फोन घेऊन येणार नाही."

"आई, तू पण?"

तेवढंच ती म्हणाली. रडली नाही, पायही धरले नाहीत. मॅडमनी रविवारी दहा वाजता समितीची बैठक लावली. त्यात खोलीचा निकाल होणार होता. जाताना त्या म्हणाल्या, "आणि त्या डॉक्टरलाही कळवीन, कसली शिष्या तयार केलीय ते."

चिमटीचा चेहरा पहिल्यांदा तेव्हा उतरला.

बुधवारी मी ठरवलं की हिची परीक्षा घ्यायची. माझ्या फोनची काच वर्षभर फुटकी होती. अंगठ्याला टोचायची म्हणून मी तिच्यावर चिकटपट्टी लावली होती. त्या फोनमध्ये टिपणं लिहायची सोय आहे. तिथं मी लिहिलं, 'पुढची खोली शिवणवालीला द्यायची ठरवली.' ती चोरून वाचणारी असेल तर हे वाचल्यावर तिचं तोंड पडेल, आणि मी समोरच बसलेली असणार. मला हा बेत फार हुशारीचा वाटला.

"माझ्यासमोर करायचं," मी तिला म्हटलं.

"बसा की."

गॅलरीतलं तिचं टेबल म्हणजे शाळेचं जुनं बाक. कागदावर आकृती काढली, पट्टी चिकटवली. गरम हवेनं काचेच्या कडा सैल केल्या, पातळ पट्टीनं हळूहळू उचकटल्या. अंबाड्यातला चिमटा काढला तो काम होईपर्यंत परत डोक्यात गेला नाही. स्क्रू एकेक करून कागदावर जाऊन बसले. तासाभरात नवा डिस्प्ले लागला.

"आकडा टाका," ती म्हणाली.

मी हाताचा आडोसा करून टाकला. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं होतं. मग फोन घेतला आणि पडद्याकडे बघून थांबली.

"आजी, तुमचं टिपण उघडंच राहिलंय. बंद करते."

मी लिहून तसाच फोन ठेवून दिला होता. "वाचलंस?"

"केवढी मोठी अक्षरं ठेवलीयत. जिन्यातून दिसतील." ती टिपण बंद करत म्हणाली, "खरं आहे का हे?"

"नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

तिनं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या कामाला लागली. तिनं पडद्यावरच्या एका चित्रावर बोट दाबून धरलं. चित्र जरा थरथरलं आणि बोटाला चिकटून आलं. मग ती ते ओढायला लागली, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, खाली सरकून परत उजवीकडून डावीकडे, फरशी पुसताना जसा फडका ओढतात तसं. एक बोटभरही जागा सोडली नाही. अगदी वरच्या कोपऱ्यात जाऊन बोट उचललं. चित्र तिथंच राहिलं.

"हे काय?"

"टच बघितला. जिथं चित्र बोटातून सुटेल तिथं काच मेलेली. नाही सुटलं, म्हणजे सगळीकडे जिवंत आहे."

"आणि ते चित्र? ते खाली होतं ना?"

"हो."

"मग परत खाली नाही ठेवायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "ठेवायचं असतं?"

मी काही बोलायच्या आत तिचा हात तोंडावर गेला. पंधरा महिने तिनं ही तपासणी पेटीतल्या फोनवर केली होती. त्या फोनांत कुठलं चित्र कुठं आहे याचं कोणाला काय? माझ्या स्वयंपाकघरात हळदीचा डबा कोणी एक बोट सरकवला तर मला कळतं. तसं फोनच्या आत कोणाचं मांडलेलं घर असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर स्वतः उलट्या बाजूनं ओढत जागेवर आणून सोडतो, हे तिनं दुसऱ्या दिवशी गल्लीत जाऊन पाहून आल्यावर मला सांगितलं. त्यानं तिला ते शिकवलं नव्हतं, कारण शिकवायची गोष्ट आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

"हे मॅडमना सांगते," ती उठली.

"थांब. एवढ्यानं होणार नाही. बातमी फुटलीच ना?"

"म्हणजे तुमचं अजून तेच आहे."

"मी विचार करतेय."

"करा," ती म्हणाली आणि कागदावरची पट्टी सोलायला लागली.

माझं खरंच अजून तेच होतं. चित्र कसं सरकलं ते कळलं, पण सरकवताना दोन ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो? गुरुवारी मी उलटं चालत जायचं ठरवलं. बातमी कोणाला कोणाकडून कळली ते विचारत गेलं की शेवटी चिमटीच सापडेल.

शिवणवाली म्हणाली, "मला पोस्टमास्तरांनी सांगितलं. दूध घ्यायला खाली भेटले तेव्हा."

मी तिसरा मजला चढले. पोस्टमास्तर पेपर वाचत होते.

"घर विकायचं तुम्हाला कोणी सांगितलं हो? चिमटीनं?"

त्यांनी चष्मा काढला. "अहो वहिनी, चेष्टा करताय का?"

"चेष्टा कसली?"

"तुम्हीच सांगितलंत! शनिवारी, फाटकाजवळ. साठ मुलं जिन्यात म्हणाला होतात तुम्ही. मी म्हटलं, साठ कसली, शंभर असतील."

"मी नाही. तुम्ही मला सांगितलंत."

"मी? मला वर्तमानपत्राबाहेरचं काही कळतं का?"

मी खाली आले आणि वही काढली. शनिवारच्या पानावर लिहिलं होतं, 'फाटकाशी पोस्टमास्तर भेटले. मॅडमच्या घराविषयी बराच वेळ बोलणे झाले.' त्याच्या आधीचं, शुक्रवारचं पान उलटलं. 'साडेदहा. शिवणवालीकडे उसवलेली बाही द्यायला वर गेले. ती घरी नव्हती. दम लागला म्हणून पायरीवर बसले. वर मॅडम दारात उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. तो माणूस म्हणाला, क्लासवाले तयार आहेत, पुढच्या आठवड्यात कागद करू, पण तोवर इमारतीत बोलू नका. म्हणजे घर विकणार.'

माझंच अक्षर होतं. मी खुर्चीत बसून राहिले. बातमी डोक्यात राहिली होती, ती कुठून आली ते निसटलं होतं. पोस्टमास्तरांशी इतका वेळ बोलले की त्यांनीच सांगितली असं मनानं ठरवून टाकलं. आणि मग तीन दिवस मी त्या मुलीवर संशय घेत होते.

एक गोष्ट मात्र लागत नव्हती. मी मधल्या पायरीवर, मॅडम वर दारात, फोन त्यांच्या कानाला. 'तो माणूस म्हणाला' ते मला कसं ऐकू आलं?

मी चिमटीला खाली बोलावलं आणि विचारलं. वही दाखवली नाही, नुसतं विचारलं.

ती म्हणाली, "मॅडमच्या फोनच्या कानाच्या जाळीत वर्षभराची धूळ आणि पावडर गच्च बसली होती. काच काढलीच होती म्हणून ब्रशनं साफ करून दिली. त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच केली. आधी ऐकू यायचं नाही म्हणून त्यांनी आवाज पार शेवटच्या पट्टीवर नेऊन ठेवला असणार. देताना म्हटलं होतं मी त्यांना, आवाज आता मोठा झालाय, कमी करून घ्या."

"त्यांनी केला नाही."

"का? कोणी ऐकलं?"

"रविवारी सांगते," मी म्हटलं.

तिनं भुवया उंचावल्या. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. तीन दिवस तिनं विनाकारण काढले. पण चुकले असं वहीत लिहिणं आणि सतरा वर्षांच्या मुलीसमोर म्हणणं यात फरक असतो, आणि मी तो फरक तीन दिवस लांबवला.

बैठक जिन्याच्या तळाशी झाली. खुर्च्या माझ्या. चिमटी भिंतीला टेकून उभी, आई तिच्या शेजारी हातातला रुमाल पिळत. मॅडमनी सुरुवात केली, विश्वास, जबाबदारी, इमारतीची शिस्त. मी हात वर केला. वर्गात करतात तसा.

"बातमी मी फोडली," मी म्हटलं.

मी शुक्रवारचं पान वाचून दाखवलं, मग शनिवारचं. 'बराच वेळ बोलणे झाले' इथं शिवणवाली फिसकन हसली.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही चोरून ऐकलंत."

"बसले होते. ऐकू आलं. तुमच्या फोनमधला माणूस जिन्याशी बोलत होता."

"अशक्य. मी कधीच स्पीकरवर बोलत नाही."

"पोस्टमास्तर, तुम्ही फाटकाबाहेर जा आणि मॅडमना फोन लावा," मी म्हटलं.

ते तयारच होते. गेले. फोन वाजला, मॅडमनी कानाला लावला. आणि आम्हा सगळ्यांना, अगदी चिमटीच्या आईलाही, स्वच्छ ऐकू आलं, "हॅलो! येतंय का ऐकू? आता लावलाच आहे तर एक विचारतो मॅडम, घर विकताय ते विकताय, पण क्लासलाच का? एखादं म्हातारं जोडपं नाही का सापडलं?"

शिवणवालीनं पदर तोंडात कोंबला. मॅडमनी फोन कानापासून दूर धरला, मग बटण दाबत दाबत आवाज खाली आणला.

"हा आवाज हिनं वाढवला," त्या म्हणाल्या.

"मी जाळी साफ केली," चिमटी म्हणाली. "आणि तुम्हाला सांगितलं होतं."

"मला नाही सांगितलंस."

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा दुसऱ्या फोनवर बोलत होता."

अडलं की मॅडम पुढच्या मुद्द्यावर जातात. "आणि मेसेजचं चित्र?"

"ते माझं चुकलं." चिमटी भिंतीपासून पुढे आली. "टच बघायला ओढलं आणि परत जागेवर ठेवलं नाही. मी बिनमालकाच्या फोनवर शिकलेय, मॅडम. तिथं कोणी विचारत नाही. यापुढे जिथून उचलीन तिथं ठेवीन."

मॅडमचा विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. आजही त्यांना फोन द्यायची वेळ आली तर त्या आधी सगळं पुसून मग देतील. पण समोर पाच घरं होती आणि त्यातल्या चार घरांना आता त्यांच्या विक्रीवर बोलायचं होतं. त्यांनी कागद ओढला, सही केली आणि खाली आपल्या हातानं एक ओळ वाढवली, की मालक समोर असल्याशिवाय फोन उघडायचा नाही आणि आकडा कुठेही लिहून ठेवायचा नाही.

चिमटीनं ओळ वाचली. "चालेल. पण मालकानं शेवटपर्यंत बसायचं. मध्येच उठून गेला तर काम बंद."

"तेही लिही," मॅडम म्हणाल्या. तिनं लिहिलं.

आई माझ्याजवळ आली. "काकू, तुम्ही बोललात म्हणून..."

"मी बोलले म्हणूनच झालं ना हे सगळं," मी म्हटलं. तिला ते शनिवारचं बोलणं वाटलं की आत्ताचं, कोण जाणे. तिनं माझा हात दाबला. चिमटीनं दाबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोली बघायला आली. मी फायलींचं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. तिनं खिडकीतला उजेड बघितला, टेबल हलवून बघितलं, विजेची बटणं एकेक दाबली. मग आतल्या भिंतीतल्या दारापाशी थांबली.

"हे कुठं जातं?"

"माझ्या स्वयंपाकघरात."

"कडी?"

"माझ्या बाजूनं आहे."

ती दाराकडे बघत राहिली. भाड्याचं नंतर बघू, असं मी आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे ती आभार मानेल अशी माझी कल्पना होती.

"मला या बाजूनं पण लागेल," ती म्हणाली.

"अगं, मी कशाला येतेय आत?"

"लोकांचे फोन असतील इथं, आजी. उघडे."

तिच्या आवाजात राग नव्हता. स्क्रू कुठला कुठं जातो ते सांगावं तशी ती बोलली. बुधवारचं ते टिपण तिच्या डोळ्यांसमोर असणार, रविवारी वाचलेलं पानही असणार. तिच्या जागी मी असते तर दाराला विटा लावायला सांगितलं असतं.

सुतार मी बोलावला. अकराला आला. कडी कुठल्या उंचीवर हवी ते तिनं दाखवलं, आणि बसवून झाल्यावर लावून दोनदा ओढून पाहिली. मी स्वयंपाकघरात उभी होते. पलीकडून कडी सरकल्याचा आवाज आला, मग तिचा.

"आजी, काही लागलं तर बाहेरच्या दारानं या."